आतल्या आवाजाची जात

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर मी काँग्रेसची १९६९ सालची फूट शिकवत होतो. पाठ्यपुस्तकातला क्रम ठरलेला आहे. झाकीर हुसेन यांचे निधन, बंगलोरचे अधिवेशन, बँकांचे राष्ट्रीयीकरण, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान, गिरी यांचा विजय आणि शेवटी फूट. बंगलोरला जगजीवनराम यांचे नाव पुढे आले आणि ते नाकारले गेले, एवढे एका वाक्यात सांगून मी पुढे सरकलो. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, महिनाभरानंतर जो आतला आवाज एवढ्या लोकांना ऐकू आला, तो बंगलोरला का नाही ऐकू आला?"

मी तेव्हा वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. राष्ट्रपतिपदाच्या अधिकृत उमेदवाराला त्याच्याच पक्षाने प्रचाराच्या मध्यावर सोडून दिले, अशी आपल्या देशातली ही ठळक घटना. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण बहुतेकांनी ती इंदिरा गांधी आणि सिंडिकेट यांच्या झुंजीची कथा म्हणून लिहिली. या झुंजीत ज्याचे नाव पहिल्यांदा पटावर ठेवले आणि पहिल्यांदा उचलून टाकले, त्या माणसाच्या बाजूने ही घटना वाचली तर काय दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सूत्रे घेतली आणि नव्या निवडणुकीची तयारी सुरू झाली.

राष्ट्रपतीच्या हाती तशी सत्ता नसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे स्पष्ट केले होते, की आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य करणार नाही. मग एवढ्या शोभेच्या पदासाठी एक पक्ष दुभंगावा असे काय घडले?

त्याचे उत्तर १९६७ च्या निवडणुकीत आहे. त्या वर्षी काँग्रेसने निम्म्याच्या आसपास राज्ये गमावली आणि लोकसभेत तिच्या जागा २८३ वर आल्या. पुढच्या निवडणुकीत कोणालाही स्पष्ट बहुमत मिळणार नाही, ही शक्यता सर्वांना दिसू लागली. आणि बहुमत कोणाचे हे स्पष्ट नसते तेव्हा सरकार बनवायला कोणाला बोलवायचे, लोकसभा केव्हा विसर्जित करायची, हे ठरवण्याची जागा राष्ट्रपतिभवन हीच असते. शोभेच्या खुर्चीला अशा दिवशी दात फुटतात. कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील, अतुल्य घोष या सिंडिकेटच्या मंडळींना त्या खुर्चीवर आपला माणूस हवा होता. इंदिरा गांधींना तो तेथे नको होता. दोघांचेही गणित सत्तेचे होते. हे एकदा नीट लक्षात घेतले म्हणजे पुढे जी तत्त्वांची भाषा येते तिचे वजन करता येते.

२

जुलै १९६९ मध्ये काँग्रेसची मंडळी बंगलोरला जमली. उमेदवार ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या संसदीय मंडळाकडे होता. मंडळात आठ जण होते: पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील, यशवंतराव चव्हाण, फक्रुद्दीन अली अहमद आणि जगजीवनराम.

सिंडिकेटने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव आणले. रेड्डी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राहिलेले, काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आणि १९६७ पासून लोकसभेचे सभापती होते. १९६४ साली बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल शेरे मारल्यावर त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते, ही आठवण लोकांच्या मनात ताजी होती. आंध्रातल्या जमीनदार शेतकरी जातीचा भक्कम आधार त्यांच्यामागे होता.

इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव मांडले. कारण दिले ते गांधी जन्मशताब्दीचे. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च पदावर एखादी हरिजन मुलगी बसावी, अशी इच्छा गांधीजींनी १९४७ साली बोलून दाखवली होती. शताब्दीच्या वर्षी त्यांच्याच पक्षाने हरिजन समाजातला एक माणूस तेथे बसवावा, यापेक्षा चांगले स्मारक कोणते? युक्तिवाद बिनतोड होता. काँग्रेसमधल्या कोणालाही तो उघडपणे खोडता येण्यासारखा नव्हता.

म्हणून तो कोणी खोडलाच नाही. १२ जुलै रोजी फक्त मते मोजली गेली. रेड्डी यांच्या बाजूने मोरारजी, कामराज, पाटील आणि चव्हाण. जगजीवनराम यांच्या बाजूने इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन अली अहमद. निजलिंगप्पा आणि स्वतः जगजीवनराम तटस्थ. चार विरुद्ध दोन.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. यशवंतराव त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते. फुले, शाहू, आंबेडकर ही नावे महाराष्ट्राच्या राजकीय व्यासपीठावर रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. १९६७ साली दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन पक्षाशी काँग्रेसची युती झाली तीही त्यांच्याच काळातली. त्या यशवंतरावांचे मत रेड्डींना गेले. त्यांनी जातीकडे पाहून मत दिले असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपले राजकीय गणित मांडले आणि त्याप्रमाणे मत दिले. पण नेमके हेच सांगायचे आहे. दलित राष्ट्रपती होण्याची संधी समोर असताना आठ जणांच्या त्या खोलीत ती कोणाच्याही गणितातली मुख्य रक्कम नव्हती. व्यासपीठावर बाबासाहेबांचे नाव घेणे वेगळे आणि बंद खोलीत हात वर करणे वेगळे.

मग इंदिरा गांधींच्या गणितात तरी ती होती काय? त्यांनी नंतर काय केले यावरून हे ठरवले पाहिजे. चार विरुद्ध दोन झाल्यावर जगजीवनराम यांचे नाव पुन्हा उच्चारले गेले नाही. त्यांना अपक्ष उभे करावे, त्यांच्यासाठी खासदारांच्या सह्या गोळा कराव्यात, गांधी शताब्दीच्या नावाने देशाला आवाहन करावे, यांपैकी काहीही घडले नाही. उलट रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही झाली ती इंदिरा गांधींची.

३

यानंतरचे पाच आठवडे भारतीय राजकारणात क्वचितच येतात तसे होते. गिरी यांनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. १६ जुलै रोजी पंतप्रधानांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले आणि मोरारजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही गिरी यांची, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतीचे काम पाहिले. रेड्डी यांनीही सभापतिपद सोडले. म्हणजे ज्याच्यामागे देशातला सर्वांत मोठा पक्ष उभा होता, तो माणूस आता त्या पक्षाच्या शब्दावर हातचे सर्व सोडून बसला होता.

शब्द किती दिवस टिकला? बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने वारे फिरले. रिक्षावाले, लहान दुकानदार, कारकून पंतप्रधानांच्या दारात घोषणा देत जमू लागले. पक्षातले तरुण तुर्क उघडपणे गिरींच्या बाजूने बोलू लागले. कम्युनिस्टांचे दोन्ही पक्ष आणि द्रमुक गिरींच्या पाठीशी होते. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने चिंतामणराव देशमुखांना उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले हे देशमुख मराठी वाचकांना चांगले परिचित आहेत.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक पसंतीक्रमाने होते. पहिल्या पसंतीवर कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर मागचे उमेदवार बाद होत जातात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली जाते. म्हणून निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले आणि देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांनी दुसरी रेड्डींना द्यावी, अशी विनंती त्यांनी केली. निवडणुकीच्या दृष्टीने हे साधे व्यवहारज्ञान होते. पण इंदिरा गांधींना हवे ते निमित्त मिळाले. काँग्रेसचा उमेदवार प्रतिगाम्यांच्या मतांवर निवडून येणार काय, असा सवाल उभा राहिला.

हा सवाल लेखी विचारणारे पत्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निजलिंगप्पांकडे गेले. त्यावर दोन सह्या होत्या: जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्याचे नाव महिन्यापूर्वी नाकारले गेले, त्याच्याच सहीने आता रेड्डींच्या उमेदवारीला सुरुंग लागत होता. आणि हा सुरुंग स्वतःसाठी नव्हता, गिरींसाठी होता. एका दलित पुढाऱ्याच्या नावाचा उपयोग बंगलोरला ढाल म्हणून झाला, दिल्लीत हत्यार म्हणून झाला. दोन्ही वेळा मूठ दुसऱ्याच्या हातात होती.

त्यानंतर पंतप्रधानांनी रेड्डींच्या बाजूने पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्या, असे आवाहन केले. ज्या उमेदवाराच्या अर्जावर त्यांनी सही केली होती, त्याला त्यांनी असे वाऱ्यावर सोडले. याच दिवसांत खासदारांमध्ये रेड्डींच्या चारित्र्यावर चिखल उडवणारे एक निनावी पत्रक फिरत होते. पुढे त्यावरून गिरींच्या निवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीसाठी न्यायालयात गेले आणि १९७० साली अर्ज फेटाळला गेला.

४

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. एका खासदाराच्या मताचे मूल्य त्या वेळी ५७६ होते; आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे बदलत होते. एकूण वैध मते ८,३६,३३७. जिंकण्यासाठी हवी होती ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. गिरी कोट्याला १६,६५४ मतांनी कमी पडले. बाकीचे बाद होत गेल्यावर दुसऱ्या पसंतीतून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. पण तेवढी पुरली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५० चा. खासदारांच्या मतांत मांडले तर हा फरक सव्वीस खासदारांचाही नाही. तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते तर इतिहास दुसरा लिहिला गेला असता.

हे आकडे दोन गोष्टी सांगतात. पहिली, निजलिंगप्पांची दुसऱ्या पसंतीची बोलणी फसली नव्हती. बाहेरची मते बऱ्याच अंशी आली. गेली ती घरची. मध्यावर पक्षाने हात काढून घेतलेला उमेदवार बहुधा असाच पडतो. दुसरी गोष्ट, पक्षाच्या नेत्याने नुसते मोकळीक दिल्याचे जाहीर करावे, एवढेच पुरे होते. मतदान गुप्त. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हता, आणि आजही राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही. म्हणजे आपल्या घटनेने या एका निवडणुकीत लोकप्रतिनिधीच्या विवेकाला खरोखरच मोकळे रान दिलेले आहे. ते रान वापरायचे की नाही, आणि कोणासाठी, हे मात्र विवेक ठरवत नाही. ते वरून खूण येण्यावर ठरते. १२ जुलैला खूण नव्हती, म्हणून आवाज नव्हता. ऑगस्टमध्ये खूण आली, आवाज आला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

निकालपत्रात आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एकूण पंधरा उमेदवार होते, त्यांतल्या पाचांना एकही मत नव्हते. उरलेल्यांत सहाव्या क्रमांकावर नाव आहे: राजभोज पांडुरंग नाथुजी. मते ८३१.

हे नाव आपल्याला परके नाही. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातले पुढारी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस आणि १९५२ साली सोलापुरातून फेडरेशनतर्फे लोकसभेवर निवडून आलेले पां. ना. राजभोज यांचे हे नाव. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, राज्यसभेवर गेले, आणि त्यामुळे आपल्या चळवळीने त्यांना जवळजवळ पुसून टाकले. पण ज्या निवडणुकीत एका दलिताचे नाव वरच्या लोकांनी मांडले आणि वरच्या लोकांनी मागे घेतले, त्याच निवडणुकीच्या मतपत्रिकेवर एका दलिताचे नाव शेवटपर्यंत छापलेले राहिले, कारण ते कोणाच्या कृपेने तेथे आलेले नव्हते. त्याला ८३१ मते मिळाली. म्हणजे एका खासदाराच्या मताहून जरा जास्त. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची किंमत एवढी आणि दुसऱ्याच्या हातातले पान होण्याची किंमत तेवढी. दलित राजकारणाचा सगळा पेच या दोन टोकांत आहे.

राजभोजांची वाटही नंतर बंद झाली. त्या वेळी उमेदवारीला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होता. १९७४ साली कायदा बदलला आणि दहा सूचक, दहा अनुमोदक व अडीच हजारांची अनामत आली. १९९७ साली हे आकडे पन्नास, पन्नास आणि पंधरा हजार झाले. उगाच उभे राहणाऱ्यांना आळा घालणे हे त्यामागचे कारण, आणि ते खोटे नव्हे. पण परिणाम असा, की आता मोठ्या पक्षाच्या हातातले पान झाल्याशिवाय या मतपत्रिकेवर नाव येणेच जवळजवळ अशक्य.

५

आता दोघांचे पुढे काय झाले ते पाहू. नोव्हेंबर १९६९ मध्ये इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले आणि काँग्रेसची दोन शकले झाली. डिसेंबरात इंदिरा काँग्रेसचे अधिवेशन मुंबईला भरले, त्याचे अध्यक्ष जगजीवनराम. १९७१ च्या युद्धात ते संरक्षणमंत्री होते. वरून पाहता बक्षीस मोठे होते. पण १९७४ साली राष्ट्रपतिपद पुन्हा रिकामे झाले तेव्हा त्या पत्रावरच्या दोन सह्यांपैकी फक्रुद्दीन अली अहमद यांना ते मिळाले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली ती त्यांनी, आणि लोकसभेत तिच्या मंजुरीचा ठराव मांडला तो जगजीवनराम यांनी. १९६९ साली आतल्या आवाजाचा जयघोष करणाऱ्या पक्षात सहा वर्षांनी एकही आवाज उरला नव्हता. राजकारणातली भक्ती हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा रस्ता आहे, हा बाबासाहेबांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा किती अचूक होता!

रेड्डी अनंतपूरला शेतीवर परतले. पक्षाने सोडले तरी जमिनीने सोडले नाही, जातीने सोडले नाही. १९७७ साली आंध्रात काँग्रेसने इतर सर्व जागा जिंकल्या तेव्हा नंद्यालमधून एकटे रेड्डी जनता पक्षातर्फे निवडून आले. आधी पुन्हा सभापती, आणि जुलै १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती. बिनविरोध निवडून आलेले ते आजवरचे एकमेव राष्ट्रपती.

जगजीवनराम यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये काँग्रेस सोडली आणि त्या एका घटनेने निवडणुकीचा रंग पालटला. पण पंतप्रधान झाले मोरारजी. चरणसिंगांनी आपले वजन मोरारजींच्या पारड्यात टाकले. बंगलोरला ज्यांनी रेड्डींना मत दिले त्याच मोरारजींच्या मंत्रिमंडळात जगजीवनराम पुन्हा संरक्षणमंत्री झाले. जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी वाराणसीत संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले, तेव्हा तो पुतळा नंतर गंगाजलाने धुण्यात आला. देशाच्या फौजा ज्याच्या आज्ञेत, त्याच्या स्पर्शाने दगड बाटला!

आणि मग १९७९ चा ऑगस्ट. मोरारजींचे सरकार कोसळलेले. चरणसिंग पंतप्रधान झाले, पण लोकसभेला सामोरे जाण्याआधीच २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. जनता पक्षाच्या संसदीय पक्षाचे नेते आता जगजीवनराम होते. बहुमत दाखवतो, संधी द्या, अशी त्यांची मागणी होती. १९६७ नंतर ज्या प्रसंगाची सर्वांनी कल्पना केली होती, तो प्रसंग दहा वर्षे उशिरा आला: लोकसभेत कोणाचेच बहुमत स्पष्ट नाही आणि निर्णय राष्ट्रपतीच्या हाती. राष्ट्रपतिभवनात होते नीलम संजीव रेड्डी. २२ ऑगस्ट रोजी त्यांनी लोकसभा विसर्जित केली. जगजीवनराम यांना संधी मिळाली नाही.

या निर्णयामागे दहा वर्षांपूर्वीच्या त्या पत्राचा राग होता, असे मी म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही, आणि पदावरच्या पंतप्रधानाचा सल्ला मानला असे रेड्डींच्या बाजूने म्हणता येते. पण योगायोगही काही शिकवतात. १९६९ साली दोघेही हरले होते. एकाला पक्षाने मध्यावर सोडले, दुसऱ्याला सुरुवातीलाच. ज्याला मध्यावर सोडले तो आठ वर्षांनी त्याच खुर्चीवर बसला. ज्याला सुरुवातीलाच सोडले तो त्या खुर्चीसमोर हात पसरून उभा राहिला आणि रिकाम्या हाताने परतला. पक्षाचा पाठिंबा जाणे हे दोघांच्याही वाट्याला आले; पण पाठिंबा गेल्यावर उभे राहायला पायाखाली काय उरते, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले होते. माझ्या विद्यार्थ्याला हे दुसरे उत्तर.

६

येथे आपल्यापैकी कोणीतरी विचारील, जगजीवनराम यांच्यासाठी आपण का हळहळायचे? आक्षेप रास्त आहे. आमच्या वस्तीत एकाही घरात मी त्यांची तसबीर पाहिली नाही. १९४६ साली हंगामी सरकारात काँग्रेसने त्यांना मजूरमंत्री केले ते बाबासाहेबांच्या अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाच्या दाव्याला उत्तर म्हणून. बाबासाहेबांनी चार वर्षे सांभाळलेले खातेच त्यांच्या हाती दिले गेले. ते आयुष्यभर हरिजन म्हणवून घेण्याच्या राजकारणात राहिले. आपला रस्ता वेगळा होता.

हळहळण्यासाठी हा लेख नाही. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आले तेव्हापासून बाबासाहेब एकच गोष्ट सांगत राहिले, की ज्याची निवड इतरांच्या मतांवर अवलंबून, तो आपल्या समाजाचा आवाज होऊ शकत नाही. जगजीवनराम हे या सिद्धान्ताचे सर्वांत मोठे उदाहरण आहेत. ते कर्तबगार होते, प्रशासन जाणणारे होते, तीस वर्षे सत्तेच्या आतल्या वर्तुळात होते. तरीही निर्णायक क्षणी त्यांच्यामागे कोण उभे होते? बंगलोरला हरिजनांचे जथे जमले नव्हते. आम्हीही त्यांच्यासाठी रस्त्यावर आलो नाही. ज्याच्यामागे स्वतःचा संघटित समाज नाही, त्याचे नाव पुढे करायला काही लागत नाही आणि मागे घ्यायलाही काही लागत नाही.

के. आर. नारायणन १९९७ साली राष्ट्रपती झाले. २०१७ साली तर दोन्ही प्रमुख उमेदवार दलित होते: रामनाथ कोविंद आणि मीराकुमार. मीराकुमार या जगजीवनराम यांच्या कन्या. कोविंद यांना ७,०२,०४४ मते पडली, मीराकुमार यांना ३,६७,३१४. ज्या खुर्चीवर १९६९ साली वडिलांचे नाव चार विरुद्ध दोन मतांनी थांबले, तिच्यासाठी अठ्ठेचाळीस वर्षांनी मुलगी उभी राहिली तीही जेव्हा पराभव आधीच दिसत होता तेव्हा. २०२२ साली द्रौपदी मुर्मू यांच्या रूपाने आदिवासी स्त्री राष्ट्रपती झाली. हे सर्व क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. वर्गातली मुलगी भिंतीवर आपल्यासारखा चेहरा पाहते, त्याचा काही अर्थ असतो. पण चेहरा कोणी निवडला, केव्हा निवडला आणि कोणाला परत घेता येईल, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत. बंगलोरचा धडा एवढाच आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्या वर्गावर पुन्हा गेलो आणि निकालपत्र फळ्यावर लिहिले. गिरी, रेड्डी, देशमुख, आणि खाली राजभोज, ८३१. त्या मुलाने आकडे वहीत उतरवून घेतले. मग म्हणाला, "सर, यात जगजीवनराम यांचे नाव कुठे आहे?"

मी त्याला सांगितले, की ते या यादीत नाही. ते उमेदवार नव्हतेच.